लेकरांच्या घरात छोटा शिकारी कुत्रा आणताना

प्रति,
मा. संपादक,
सोलापूर.

विषय : मुलांसाठी लहान शिकारी जातीचे पिल्लू घेण्याबाबत

महोदय,

वार्षिक परीक्षा संपत आल्या की सोलापुरात कुत्र्याच्या पिल्लांची विचारपूस वाढते. ‘निकाल चांगला लागला तर कुत्रा आणू’ असा शब्द घरोघरी दिलेला असतो. फ्लॅटमध्ये लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड मावणार नाही, म्हणून आकाराने लहान जात शोधली जाते आणि नजर बीगल, डॅशहंड, जॅक रसेल टेरियर किंवा कॉकर स्पॅनियलवर स्थिरावते. या सगळ्या जाती मुळात शिकारीसाठी तयार केलेल्या आहेत, हे मात्र घेणाऱ्याला फारसे कुणी सांगत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या कामासाठी त्यांची निवड झाली, तेच काम ते पिल्लू तुमच्या हॉलमध्ये, जिन्यात आणि सोसायटीच्या बागेत करू पाहते. म्हणून पालकांनी उंची-वजनाआधी एकच गोष्ट विचारावी : ही जात कशाची शिकार करायची, आणि कशी?

बीगल इंग्लंडमध्ये सशाच्या मागावर घोळक्याने धावायचा. खांद्यापाशी उंची 33 ते 40 सेंटीमीटर, वजन साधारण 9 ते 12 किलो. घोळक्यात राहून काम करायचे म्हणून भांडकुदळ कुत्री पैदाशीतून बाजूला काढली गेली. त्यामुळे मुलांची गडबड, पाहुण्यांची ये-जा, दुसरे कुत्रे हे सगळे बीगल सहज सहन करतो. मुले असलेल्या घरासाठी या चारांत आमचा कौल त्यालाच आहे. पण त्याचे नाक विसरून चालत नाही. अमेरिकेत 1984 पासून विमानतळांवर प्रवाशांच्या सामानातली फळे आणि मांस हुंगून काढायला बीगल वापरतात, ते याच नाकाच्या जोरावर. एकदा वास धरला की त्याला हाक ऐकूच येत नाही. फाटक उघडे राहिले तर तो होटगी रोडची वाहतूक पाहायला थांबत नाही. बीगलला रस्त्यावर कधीही मोकळे सोडू नये. मैदानातही आठ-दहा मीटर लांबीची दोरी छातीच्या पट्ट्याला बांधून हाकेला परत येण्याचा सराव घ्यावा. गळपट्ट्याला लांब दोरी बांधली तर धावत सुटल्यावर मानेला हिसका बसतो.

त्याचा आवाज हा दुसरा प्रश्न. शिकाऱ्याला दूरवरून कळावे म्हणून बीगल लांब सूर काढून ओरडतो. आई-वडील दोघे नोकरीला आणि मुले शाळेत अशा घरात तो दिवसभर हा सूर लावतो, आणि महिन्याभरात शेजाऱ्यांची तक्रार सोसायटीच्या बैठकीत येते. घरात दिवसा कुणीतरी मोठे माणूस असेल तरच बीगल घ्यावा.

तिसरा प्रश्न पोटाचा. पोट भरल्याचे बीगलला लवकर कळत नाही आणि मुलांच्या हातून तर सतत काहीतरी सांडत असते. दहा किलोच्या मोठ्या बीगलला चांगल्या प्रतीचे कोरडे खाद्य दिवसाला साधारण 180 ते 220 ग्रॅम पुरते, तेही दोन वेळांत विभागून. भाकरी, भात, अंडे, उकडलेले चिकन द्यायचे असेल तर तेवढे खाद्य कमी करावे. बरगड्यांवरून हात फिरवला की त्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत. दाबून शोधाव्या लागत असतील तर कुत्रा जाड झाला आहे असे समजावे. आपल्या जिल्ह्यात घराघरात असणाऱ्या काही गोष्टी तर विषासारख्या आहेत. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे बंद पाडू शकतात. किती खाल्ल्याने बाधेल याचा भरवसा नाही, म्हणून मूठभर बेदाणे गेले तरी उलटीची वाट न पाहता तासाभरात डॉक्टर गाठावा. कांदा आणि लसूण, कच्चा असो की शिजवलेला, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. शेंगाचटणीत लसूण, मीठ, तिखट आणि तेल एकत्र असते. मुलांनी लाडाने चटणी-भाकरीचा घास भरवला की उलट्या-जुलाब ठरलेले. चॉकलेट तर अजिबात नको.

डॅशहंड जर्मनीचा. बिज्जूच्या (म्हणजे बॅजर या बिळात राहणाऱ्या जनावराच्या) बिळात शिरून त्याला बाहेर काढण्यासाठी पाय आखूड आणि शरीर लांब ठेवले गेले. लहान प्रकार पाच किलोपर्यंत, मोठा साधारण सात ते चौदा किलोपर्यंत. बिळात एकटा, अंधारात, आपल्यापेक्षा दांडग्या जनावरासमोर उभा राहणारा हा कुत्रा हट्टी आणि धीट आहे. अनोळखी माणसावर भुंकतो, आणि खोड काढली तर दात दाखवायलाही कचरत नाही. पण त्याची खरी अडचण पाठीची आहे. आखूड पायांच्या या ठेवणीबरोबरच मणक्यांमधल्या गाद्या लहान वयातच कडक होण्याचा दोष येतो. पुढे एखाद्या उडीने गादी फुटते, मज्जारज्जूवर दाब येतो आणि मागचे पाय लुळे पडतात. साधारण पाचातल्या एका डॅशहंडला आयुष्यात कधी ना कधी पाठीचा हा त्रास होतो, बहुतेक वेळा चार ते सात वर्षांच्या वयात. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर डॅशहंड ठेवणे म्हणजे रोज जिन्यावर त्याच्या मणक्यांची परीक्षा घेणे. पलंगावर, सोफ्यावर उड्या नकोत. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, पाठ जमिनीला समांतर. सहा वर्षांचे मूल हे लक्षात ठेवत नाही, ते बगलेत धरून लटकावते. पाठीला बाक आला, उचलताना ओरडला, मागचा पाय अडखळला तर ‘उद्या बघू’ म्हणू नये, त्याच दिवशी दाखवावे. तळमजल्याचे घर आणि दहा वर्षांच्या पुढची शांत मुले असतील तरच डॅशहंडचा विचार करावा.

जॅक रसेल टेरियर जेमतेम 25 ते 30 सेंटीमीटर उंच आणि पाच-सहा किलोचा. म्हणूनच लोक फसतात. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातले पाद्री जॉन रसेल यांनी 1819 मध्ये ट्रम्प नावाची कुत्री घेतली आणि तिच्यापासून कोल्ह्याच्या शिकारीसाठी ही जात वाढवली. घोड्यांबरोबर दिवसभर पळायचे आणि कोल्हा बिळात गेला की आत शिरून त्याला बाहेर हाकायचे, हे त्याचे काम. घरात हीच ताकद कुंड्या उकरण्यात, उशा फाडण्यात आणि किंचाळत पळणाऱ्या मुलांच्या टाचा पकडण्यात खर्च होते. जुळे सोलापुरात किंवा विजापूर रोडच्या पुढे नव्या वसाहतींमध्ये मोकळे प्लॉट आणि बाभळीची झुडपे आहेत, तिथे आणखी एक धोका आहे. टेरियर बिळात तोंड घालतो आणि साप दिसला तर मागे हटत नाही. नाग किंवा घोणस चावते ती थेट तोंडावर. आठ वर्षांखालची मुले असलेल्या घरात जॅक रसेल आणू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. रोज तास-दीड तास त्याला पळवणारे मोठे माणूस घरात असेल तर गोष्ट वेगळी.

कॉकर स्पॅनियल झुडपातले पक्षी उठवायचा, बंदुकीच्या टप्प्यात राहून, वारंवार मालकाकडे पाहत, आणि पडलेला पक्षी न चावता तोंडात धरून आणून द्यायचा. त्यामुळे माणसाकडे लक्ष देणे आणि मऊ तोंड हे दोन्ही गुण त्याच्यात आयते असतात. स्वभावाने तो मुलांना बीगलइतकाच, कधी जास्तही मानवतो. अडचण केसांची. एक दिवसाआड विंचरले नाही तर काखेत आणि कानामागे गुंता होतो, गुंत्याखाली कातडी ओलसर राहते आणि चिघळते. आपल्याकडच्या माळावरचे कुसळ त्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यात शिरते आणि आत-आत सरकत जाते. कुत्रा एकाच बाजूला डोके झटकत असेल तर कानात कुसळ असण्याची शक्यता मोठी. उन्हाळ्याआधी केस आखूड करून घ्यायचे, फिरून आल्यावर चारही पंजे उघडून पाहायचे, हे जमणार असेल तर कॉकर जरूर घ्यावा.

बासेट हाउंडचे पाय आखूड असले तरी वजन वीस-पंचवीस किलोच्या पुढे जाते, तेव्हा तो लहान कुत्र्यांत मोजूच नये. ‘पॉकेट बीगल’ म्हणून दुप्पट दाम सांगणाऱ्यापासूनही दूर राहावे. अशी वेगळी मान्य जात नाही, बहुधा कुपोषित किंवा मिश्र पिल्लूच असते. आपल्या भागाचे कारवान, पश्मी आणि शेजारच्या कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातले मुधोळ हे ऊन सोसणारे, देखणे शिकारी कुत्रे आहेत आणि त्यांचा आम्हाला अभिमान आहे. पण ते दोन फुटांहून उंच, नजरेने शिकार करणारे आणि अनोळखी स्पर्शाला बुजणारे आहेत. त्यांना शेत हवे. फ्लॅट आणि चार-पाच वर्षांची मुले असतील तर गल्लीतले धडधाकट गावठी पिल्लू लसीकरण करून घरी आणणे हा यापेक्षा केव्हाही शहाणपणाचा मार्ग आहे.

आता उन्हाबद्दल, कारण सोलापुरात हा विषय जिवाशी येतो. एप्रिल-मे मध्ये पारा 42-43 अंशांवर असतो. कुत्र्याला घाम फक्त पंजांना येतो, बाकी सगळी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. डॅशहंडचे पोट तर डांबरापासून चार बोटांवर असते, त्यामुळे त्याला वरून ऊन आणि खालून झळ. फिरायला सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतरच न्यावे. निघण्याआधी हाताची मागची बाजू रस्त्याला सात सेकंद टेकवून पाहावी. टेकवत नसेल तर पंजेही भाजणार. गच्चीवर किंवा पत्र्याच्या खोलीत दुपारी कुत्रा बांधून ठेवणे हा निव्वळ छळ आहे. कूलरच्या खोलीत ओले गोणपाट अंथरून द्यावे. दहा किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास पाणी लागते, उन्हाळ्यात दुप्पट धरावे. नळाला पाणी काही दिवसांआड येते, म्हणून त्याच्या वाट्याचे भांडे वेगळे भरून ठेवावे. अंघोळ मात्र महिन्यातून एकदा पुरे. चिकट लाळ, गडद लाल हिरड्या आणि तोल जाणे ही उष्माघाताची लक्षणे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असते, 104 च्या वर गेले की वेळ दवडू नये. आधी नळाच्या पाण्याने सगळे अंग भिजवून पंख्याखाली घ्यावे आणि मगच दवाखान्याकडे निघावे.

उन्हात बाहेर नेता येत नाही तेव्हा नाकाला काम द्यावे, आणि हे काम मुले उत्तम करतात. स्टीलच्या तीन वाट्या जमिनीवर पालथ्या घालाव्यात. एकीखाली वाटाण्याएवढा उकडलेल्या अंड्याचा तुकडा ठेवावा, सुरुवातीला कुत्र्याच्या डोळ्यांदेखत. त्याने बरोबर वाटीला नाक लावले की मुलाने वाटी उचलायची आणि हात मागे घ्यायचा. दोन-तीन दिवसांनी लपवताना कुत्र्याला खोलीबाहेर ठेवावे, मग वाट्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत न्याव्यात. पंजाने वाटी उलथवली तर बक्षीस नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या हुंगण्याने बीगल असा दमतो की दुपारभर निपचित झोपतो. चेंडूमागे पळवल्यावर तो उलट जास्त चेकाळतो.

पिल्लू निवडताना आई पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. ती अंगावर येत असेल किंवा कोपऱ्यात दडत असेल तर पिल्ले कितीही गोजिरी असोत, परत फिरावे. श्वान प्रजनन व विक्रीच्या 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. महिन्याचे पिल्लू ‘लवकर लळा लागेल’ म्हणून गळ्यात मारले जाते, ते भावंडांत खेळून चावा किती जोरात घ्यायचा हे शिकलेलेच नसते. पुढे मुलांच्या हातावर ओरखडे येतात ते त्यामुळे. पिल्लांपासून चार-पाच फुटांवर किल्ल्यांचा जुडगा पाडावा. दचकून लगेच हुंगायला येणारे पिल्लू मुलांच्या घराला योग्य. मग त्याला हातांत उताणे धरावे. थोडे वळवळून अर्ध्या मिनिटात सैल पडले तर उत्तम, शेवटपर्यंत झटापट करत राहिले तर ते दुसऱ्या कुणाला जाऊ द्यावे. हिरड्या गुलाबी हव्यात. नगाऱ्यासारखे फुगलेले पोट म्हणजे जंत. लसीच्या कार्डावर बाटलीचे लेबल, तारीख आणि डॉक्टरची सही नसेल तर लस झालीच नाही असे धरून चालावे. जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद वंशावळ सांगतो, स्वभाव सांगत नाही.

पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या विषाणूजन्य रोगांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत. रेबीजची बारा आठवड्यांच्या सुमारास, मग वर्षाने पुन्हा. तोवर पिल्लाला रस्त्यावरच्या मातीत सोडू नये, पण कडेवर घेऊन रिक्षा, हॉर्न, वराती, गर्दी दाखवावी. तीन ते चौदा आठवड्यांच्या काळात जे पाहिले-ऐकले त्याची भीती पुढे कमी राहते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतले शोभेचे दारूकाम आणि दिवाळीचे फटाके यांनी बिथरून कुत्री पळतात, तेव्हा गळपट्ट्यावर फोन नंबरची पट्टी कायम असावी. गोचिडासाठी महिन्याचे औषध चुकवू नये. तरीही ताप, पांढुरक्या हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसले तर गोचीडतापाची रक्ततपासणी करून घ्यावी. बीगल आणि कॉकरचे लोंबते कान आठवड्यातून एकदा उघडून हुंगावेत. आंबूस वास आणि तपकिरी मळ म्हणजे आत बुरशी, तिथे कानकाडी घालू नये.

सर्वांत महत्त्वाचे मुलांचे वागणे. पाच-सहा वर्षांखालचे मूल आणि कुत्रा, कोणत्याही जातीचा असो, एका खोलीत एकटे ठेवू नयेत, अगदी फोन घ्यायला जाण्यापुरतेही. कुत्रा जेवताना, झोपलेला असताना आणि आपल्या गादीवर असताना त्याला हात लावायचा नाही, हा नियम घरातल्या आजी-आजोबांनाही लागू. गळ्याला मिठी मुलाला प्रेमाची वाटते, कुत्र्याला अडकल्यासारखे होते. तो ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, तोंड वळवतो, डोळ्यांतला पांढरा भाग दिसू लागतो, मग अंग ताठ करतो. गुरगुरणे त्याच्याही नंतर येते. गुरगुरला म्हणून त्याला मारले तर पुढच्या वेळी तो न गुरगुरता चावतो. पिल्लू टाचांमागे लागले की मुलाने पळणे थांबवून हात छातीशी घेऊन झाडासारखे उभे राहावे. शिकार पळेनाशी झाली की टेरियरचाही उत्साह ओसरतो. चप्पल पळवली तर हिसकावू नये, खाऊचा तुकडा दाखवून बदल्यात घ्यावी. मुलाने पाणी भरावे, विंचरावे, वाट्यांचा खेळ घ्यावा. रस्त्यावर पट्टा मात्र मोठ्या माणसाच्या हातात. चावलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना लावू नये आणि त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात लसीसाठी जावे, कुत्रा घरचा असला तरी.

सुट्टीत शेतावर जाताना कुत्र्याला माळरानात मोकळे सोडण्याची हौस अनेकांना असते. नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979 पासून आहे. त्याच्या आसपासच्या गवताळ माळांवर लांडगे, खोकड, काळवीट आहेत आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत. आपला लाडका बीगल त्यांच्यासाठी शिकारीच असतो, आणि कुत्र्यांचे डिस्टेंपर व रेबीज लांडग्यांपर्यंत पोचतात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार कुत्र्याकडून ससा मारवणे हाही गुन्हाच आहे. माळावर पट्टा सोडूच नये.

आणि पिल्लू आणायचेच असेल तर मेच्या सुट्टीत आणू नये अशी विनंती आहे. दोन महिने घरभर माणसांची सवय लागते आणि जूनमध्ये शाळा उघडताच ते दिवसभर एकटे पडते. पाऊस पडून हवा उतरल्यावर, शाळेची घडी बसल्यावर आणावे. पहिल्या आठवड्यापासून त्याला पाच मिनिटे, दहा मिनिटे, अर्धा तास असे एकटे राहायला शिकवावे. तोवरच्या दोन महिन्यांत घरातल्या मोठ्यांनी सकाळी साडेपाचला उठून रोज पाऊण तास चालून पाहावे. ते जमले तर आई-पिल्ले पाहायला जावे.

आपले नम्र,
सोलापुरातील काही श्वानपालक